बॉक्सटरची चाके आणि मागचा स्पॉयलर : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, पाचपाखाडी, ठाणे

गाडी काल संध्याकाळी घरी आली. पोर्शे बॉक्सटर, ९८७ या सांकेतिक क्रमांकाची पिढी, २००८ ची नोंदणी. इंजिन २,६८७ घन सेंटिमीटरचे, आडवे सहा सिलिंडर, २४५ अश्वशक्तीचे. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण आधीच्या मालकांनी २०२३ मध्येच करून घेतले होते, त्यामुळे कागदपत्रांची काळजी नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम आहेत. माझी तक्रार फक्त दोन गोष्टींविषयी आहे. एक म्हणजे चारही बाजूंना बसवलेली १९ इंची बाहेरची, म्हणजे पोर्शेने न दिलेली, मॅगव्हील (हलक्या मिश्रधातूची चाके), आणि दुसरी म्हणजे डिग्गीच्या झाकणावर छिद्रे पाडून बसवलेला फायबरचा उंच, कायमचा पंख. कंपनीने या गाडीला जो स्पॉयलर (शेपटीजवळ हवा अडवणारी पट्टी) दिला होता तो झाकणात लपून बसणारा आणि वेग वाढल्यावर आपोआप वर येणारा होता. त्याची वरची पट्टी काढून टाकलेली आहे.

या दोन्ही गोष्टी गाडीला शोभतात की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवणार आहे. कंपनीचे तेच चांगले, हे गृहीत धरूनही मला सुरुवात करायची नाही. ओतकामाच्या कारखान्यात सोळा वर्षे काम केल्यामुळे मला एवढे माहीत आहे की चाकाची किंमत त्यावरच्या बोधचिन्हात नसते, तर धातू कसा ओतला, कसा तापवला आणि नंतर त्याच्यावर काय काय गुदरले यात असते. म्हणून प्रत्येक पर्याय मोजून, वजन करून आणि तपासूनच निवडायचा, आणि ते सर्व येथे लिहून ठेवायचे, असे ठरवले आहे.

१० नोव्हेंबर

आज चारही चाके उतरवून त्यांच्या मागच्या बाजूचे आकडे वाचले. पुढच्या चाकांवर साडेआठ जे (म्हणजे साडेआठ इंच रुंदी), १९ इंच, ईटी ४५ असे कोरलेले आहे. कंपनी स्वतः या गाडीसाठी जी १९ इंची चाके देत असे, ती पुढे आठ जे आणि ईटी ५७ या मापाची होती. ईटी म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून ते हबला (गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसते त्याला) टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, मिलिमीटरमध्ये. हा आकडा जितका लहान, तितके चाक बाहेर सरकते. हिशेब सोपा आहे: रुंदी अर्ध्या इंचाने, म्हणजे १२.७ मिलिमीटरने वाढली, त्यातली निम्मी, ६.३५ मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला गेली; ईटी १२ ने कमी झाला, तेही बाहेरच. म्हणजे चाकाची बाहेरची कड कंपनीच्या १९ इंची चाकापेक्षा १८.३५ मिलिमीटर बाहेर आली आहे. पुढच्या मडगार्डच्या आतल्या कडेवर रंग घासला गेल्याच्या खुणा का आहेत, ते यावरून कळले.

घासण्यापेक्षाही मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. स्टिअरिंग ज्या तिरक्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष जमिनीला जेथे भेटतो, तेथून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर आराखडा करणाऱ्यांनी जाणूनबुजून ठरवलेले असते. मध्यरेषा १२ मिलिमीटर बाहेर गेली की ते अंतर बदलते, आणि एक चाक खड्ड्यात व दुसरे कोरड्या डांबरावर अशा स्थितीत ब्रेक दाबला की स्टिअरिंग हाताला ओढ देते. काल कोपरीच्या पुलाच्या उतारावर तीच ओढ मला जाणवली होती, तेव्हा मी तिचा दोष अलाइनमेंटला दिला होता.

तिसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. पोर्शेच्या चाकाला पाच बोल्ट असतात, १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, आणि बोल्टचे आटे १४ मिलिमीटर जाडीचे, दीड मिलिमीटर अंतराचे असतात. त्या बोल्टची चाकावर टेकणारी बैठक गोलाकार असते, १४ मिलिमीटर त्रिज्येची. बाजारातल्या बहुतेक बाहेरच्या चाकांची बैठक मात्र ६० अंशांच्या शंकूची असते. आमच्या गाडीवर शंकूच्या बैठकीच्या चाकात गोल बैठकीचे कंपनीचे बोल्ट आवळलेले आढळले. गोल डोके शंकूत एका बारीक कड्यावर टेकते, पूर्ण पृष्ठभागावर नाही. पाना दाखवतो तेवढा ताण आला असे वाटते, पण काही शे किलोमीटरनंतर ती कडा दबते आणि बोल्ट सैल होतो. वीसपैकी तीन बोल्ट मला अपेक्षेपेक्षा फार कमी जोरात सुटले. चाके परत चढवून गाडी इमारतीखाली उभी केली आहे, आणि योग्य बोल्ट मिळेपर्यंत ती सोसायटीच्या फाटकाबाहेर जाणार नाही.

१७ नोव्हेंबर

शंकूच्या बैठकीचे बोल्ट मिळाले, बसवले. ७० च्या वेगाला पूर्व द्रुतगती महामार्गावर स्टिअरिंग थरथरते. कारण: हबचा व्यास ७१.६ मिलिमीटर, चाकाचे मधले भोक ७३.१, आणि मधली जागा भरणारी कडी एकाही चाकात नाही. चाकाचे केंद्र केवळ बोल्टच्या भरवशावर आहे. पुढच्या डाव्या टायरवरचा चार अंकी उत्पादन आकडा १४१९, म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. टायरही बदलायचे आहेतच, तेव्हा चाकांचे माप आताच ठरवावे हे बरे.

१ डिसेंबर

मापाचा विचार दोन आठवडे चालू होता. कंपनीने या गाडीसाठी १७, १८ आणि १९ इंच अशी तिन्ही मापे दिली होती, म्हणजे तिन्ही ओरिजिनल आहेत. तरीही ठाण्यात राहणाऱ्या माणसासाठी ती सारखी नाहीत.

टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची काढली. १७ इंची मापात पुढचा टायर २०५/५५, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर आणि भिंत तिच्या ५५ टक्के, जवळजवळ ११३ मिलिमीटर. १८ इंचीत २३५/४०, भिंत ९४. १९ इंचीत २३५/३५, भिंत ८२. मागे हेच आकडे अनुक्रमे ११७.५, १०६ आणि सुमारे ९३ असे येतात. मागच्या टायरचा पूर्ण व्यास मात्र तिन्ही मापांत ६६७ ते ६६९ मिलिमीटरच्या आसपासच राहतो. म्हणजे कंपनीने धातू वाढवला तेवढे रबर कमी केले. वेगमापक आणि ब्रेकची अँटिलॉक यंत्रणा यांना फारसा फरक जाणवू नये याची तीत काळजी आहे. बाहेरचे चाक आणि हाती लागेल तो टायर अशी जोडी लावणारे जेव्हा पुढच्या आणि मागच्या व्यासाचे हे नाते मोडतात, तेव्हा नेमकी हीच काळजी वाया जाते.

आता प्रश्न एवढाच की खड्ड्याच्या कडेचा घाव कोणी सोसायचा, रबराने की धातूने. घोडबंदर रस्त्यावर पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा चुकवता येत नाही. १९ ऐवजी १७ घेतले तर पुढे ३० मिलिमीटर रबर जास्त मिळते. शिवाय साध्या बॉक्सटरच्या पुढच्या ब्रेक डिस्कचा व्यास २९८ मिलिमीटर आहे, तो १७ इंची चाकात आरामात मावतो. मोठे चाक घेण्याची ब्रेकच्या बाजूने काहीच गरज नाही. वळणावरचा काटेकोरपणा थोडा कमी होईल, हे मान्य. तो मी स्वीकारतो. माप ठरले: पुढे साडेसहा जे बाय १७, ईटी ५५, मागे आठ जे बाय १७, ईटी ४०.

१५ डिसेंबर

तीन वाटा समोर आहेत. पहिली, कंपनीच्या नक्षीची हुबेहूब नक्कल. तुर्भ्याच्या एका दुकानात असा संच पाहिला. मागे भाराची मर्यादा कोरलेली नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही, ओतल्याची तारीख नाही. दुकानदाराने अगत्याने चहा दिला आणि ‘फर्स्ट कॉपी आहे, फरक ओळखून दाखवा’ असे म्हटले. फरक डोळ्यांना दिसत नाही हे खरे आहे, परंतु चाकाची परीक्षा डोळ्यांनी होत नसते. ही वाट बंद केली.

दुसरी वाट, नावाजलेल्या निर्मात्याचे बाहेरचे चाक. येथे पूर्वग्रह ठेवणे अन्यायाचे ठरेल. जर्मनीची बीबीएस, इटलीची ओझेड, जपानची एन्काई या कंपन्या कित्येक मोटारींच्या कारखान्यांना त्यांची ‘ओरिजिनल’ चाके पुरवत आल्या आहेत. त्याच भट्टीतून निघालेल्या एका चाकाला आपण कंपनीचे म्हणतो आणि दुसऱ्याला बाहेरचे. पाहायचे असते ते शिक्क्यांकडे. जपानी चाकावरचा जेडब्ल्यूएल हा शिक्का निर्माता स्वतःच्या चाचणीवर मारतो, तर व्हीआयए हा शिक्का असेल तर ती चाचणी स्वतंत्र संस्थेकडे नोंदलेली असते. चाचण्या तीन प्रकारच्या असतात: फिरत्या वाकवणुकीची, भाराखाली लोळवण्याची आणि चाक १३ अंशांनी तिरके ठेवून त्याच्या कडेवर वजन टाकण्याची. खड्ड्याला सर्वांत जवळची चाचणी ही तिसरी. अडचण अशी की १३० मिलिमीटर वर्तुळाचे, ईटी ५५ चे आणि साडेसहा जे रुंदीचे १७ इंची चाक बाहेरचा कोणी निर्माता ठेवत नाही, असे मी चौकशी केलेल्या सर्व ठिकाणी सांगितले गेले. १८ पासून पुढेच पर्याय मिळतात.

म्हणून तिसरी वाट, कंपनीचीच जुनी चाके. एका विक्रेत्याकडे चारांचा संच आहे, नवा रंग दिलेला. मागवला.

५ जानेवारी २०२५

संच आला. चारही चाकांच्या मागे माप, ईटी आणि ९८७-३६२ ने सुरू होणारा भाग क्रमांक व्यवस्थित वाचता येतो. चाके अस्सल आहेत यात शंका नाही. टायरसह तोलले तर पुढचे चाक आधीच्या १९ इंचीपेक्षा साडेतीन किलोंनी हलके भरते. हे वजन स्प्रिंगच्या खालचे असल्यामुळे त्याचा फायदा प्रत्येक धक्क्याला मिळतो.

दुपारी बाबा खाली आले. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत झाली. त्यांनी टायर उतरवायला लावले, प्रत्येक रिम जाड दोरीने जिन्याच्या कठड्याला टांगली आणि लाकडी हातोडीने कडेवर हलके टिचकी मारल्यासारखे मारून कान देऊन ऐकले. तीन रिमा घंटेसारख्या बराच वेळ वाजत राहिल्या. चौथी, मागच्या जोडीतली एक, ‘ठप्’ असा आवाज करून थांबली. बाबांनी पुन्हा मारले, पुन्हा तसेच. मला म्हणाले, ‘अरे, हिच्या आत काहीतरी आहे. रंगावर जाऊ नकोस.’

११ जानेवारी, रबाळे

ऐरोली पूल ओलांडून चौथी रिम कारखान्यात नेली. आधी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापक) लावला: चांगल्या रिमेची कड फिरताना ०.४ मिलिमीटर हलते, हिची १.६. मग आतल्या बाजूचा रंग उतरवला आणि लाल रंगद्रव्याची तपासणी केली. पृष्ठभाग स्वच्छ करायचा, लाल द्रव लावून काही मिनिटे मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरी पूड फवारायची. कोठे भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो. आतल्या कडेवर साधारण चार सेंटिमीटर लांबीची टिग वेल्डिंगची रेघ सापडली, घासून गुळगुळीत केलेली, आणि तिच्या दोन्ही टोकांना केसासारख्या नव्या भेगा.

हे असे का होते ते लिहून ठेवतो, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत रिम वेल्डिंग करून मिळणारी ठिकाणे पावलोपावली आहेत आणि माणसे निर्धास्तपणे ते करून घेतात. ओतीव मॅगव्हीलचा धातू म्हणजे ॲल्युमिनियममध्ये साधारण सात टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडे मॅग्नेशियम. ओतल्यानंतर चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवतात आणि मग कमी उष्णतेवर काही तास ठेवून पिकवतात. या पिकवण्यातून जे अतिसूक्ष्म कण धातूत तयार होतात, त्यांच्यामुळे चाकाला बळ येते. वेल्डिंगच्या उष्णतेने रेघेच्या आजूबाजूचा पट्टा पुन्हा मऊ पडतो, आणि पूर्ण चाक परत भट्टीत घालून तीच प्रक्रिया कोणी करत नाही. म्हणजे सांधा धरतो, पण त्याच्या शेजारचा धातू आता तो धातू राहिलेला नसतो. पुढचा खड्डा आला की भेग तेथूनच पुन्हा निघते. रंग पक्का करण्यासाठी चाक भट्टीत १८० ते २०० अंशांवर ठेवतात, तेही वारंवार केले तर पिकवण्याच्या उष्णतेपेक्षा जास्तच होते, याचाही विचार रंगवणाऱ्यांनी करायला हवा.

भाग क्रमांक खरा, नक्षी खरी, वजन खरे, तरी हे चाक मी माझ्या बायको-मुलांना बसवून ८० च्या वेगाने चालवू शकत नाही. या अवस्थेतल्या ओरिजिनलपेक्षा शिक्क्याचे, कोरे, बाहेरचे चाक मी एका क्षणाचाही विचार न करता घेतले असते. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. त्यांनी वेल्डिंगची आपल्याला कल्पना नव्हती असे सांगितले आणि एका चाकाचे पैसे परत केले. ती रिम आम्ही करवतीने दोन तुकडे करून भंगारात दिली, म्हणजे ती पुन्हा रंगून कोणाच्या गाडीखाली जाणार नाही.

मागच्या एका चाकाची मागणी अधिकृत सुटे भाग विभागात नोंदवली. त्या एकट्या चाकाच्या पैशांत तुर्भ्याची नकली चार आली असती.

२ फेब्रुवारी

चाक येईपर्यंत मागचा पंख हाती घेतला. आठ स्क्रू आणि भरपूर सीलंट. काढल्यावर झाकणाला आठ छिद्रे, आणि त्यांतल्या तिघांखाली डिग्गीच्या गालिच्यावर पाण्याचे जुने डाग दिसले. स्पॉयलर वरखाली करणारी मूळ यंत्रणा आणि मोटर सुदैवाने जागेवरच आहेत; जोडणी तेवढी तोडून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, आणि त्यामुळेच डॅशबोर्डवर स्पॉयलरची सूचना कायम पेटत होती.

पंख ठेवावा की मूळ स्पॉयलर परत आणावा, यावर मित्राशी फोनवर बराच वाद झाला. त्याचे म्हणणे, मोठा पंख म्हणजे जास्त दाब, जास्त पकड. माझे उत्तर असे. गाडीच्या वरच्या फुगीर पाठीवरून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि गाडी किंचित उचलली जाते. मागची उभी पट्टी ही हवा शेपटीजवळ अडवून ती उचल कमी करते. कंपनीने पट्टीचा आकार आणि उंची पुढच्या बंपरच्या आकाराशी जुळवून ठरवलेली असते, कारण पुढची आणि मागची उचल एकमेकींना शोभेल अशी ठेवावी लागते. मागच्या आसाच्याही मागे उंच पंख लावून तेथे खरोखरच दाब निर्माण केला, तर तो दाब तराजूच्या दांडीप्रमाणे पुढचे नाक हलके करतो. बॉक्सटरचे इंजिन आसनांच्या मागे असल्यामुळे पुढच्या चाकांवर भार मुळातच कमी, त्यातून तो आणखी काढून घ्यायचा. शर्यतीच्या गाड्यांना मोठा पंख असतो तेव्हा पुढेही तेवढ्याच तोडीची व्यवस्था असते. अर्धीच उचलून आणली की ती काम करत नाही.

आणि वेगाचा मुद्दा तर याहून साधा आहे. मूळ स्पॉयलर १२० किलोमीटरच्या वेगाला वर येतो आणि वेग ८० पर्यंत उतरला की आत जातो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून १२० ला तो ८० च्या सव्वादोन पट असतो. कंपनीला त्याआधी त्याची गरज वाटली नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीची मर्यादा १०० आहे. म्हणजे कायद्याने चालवले तर तेथेही तो कधी उघडणार नाही, आणि घोडबंदरला तर प्रश्नच नाही. ज्या पंखाला काम करायला रस्ताच नाही त्याच्यासाठी झाकणात आठ छिद्रे, गळती आणि झाकणाच्या बिजागऱ्यांवर वाढीव भार कशाला बाळगायचा?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवल्याहून वेगळा होईल असा बदल करू देत नाही, आणि विमा कंपनीला बदल कळवले नाहीत तर दाव्याच्या वेळी वाद होतो. ही कारणे माझ्यासाठी दुय्यम आहेत, पण आहेत.

२३ फेब्रुवारी

स्पॉयलरच्या पट्टीसाठी दोन नग मिळाले: एक फायबरचा नवीन, दुसरा कंपनीचा जुना, वेगळ्या रंगाचा. फायबरचा बसवून पाहिला. डाव्या टोकाला झाकणाच्या वर तीन मिलिमीटर उभा राहतो आणि उजवीकडे फट राहते. कायमच्या पंखाला एवढा फरक चालला असता, पण येथे पट्टी झाकणात शिरून बसायला हवी. ती वाकडी असेल तर दोन्ही बाजूंच्या उचलत्या हातांवर असमान ताण येतो आणि मोटर अडते. कंपनीची जुनी पट्टी पहिल्याच प्रयत्नात बसली. चाकांच्या बाबतीत बाहेरच्या नगाला मी दार उघडे ठेवले होते, येथे ठेवत नाही: चाक हबवर स्वतंत्र बसते, ही पट्टी मात्र एका हलत्या यंत्राचा भाग आहे.

झाकणाची छिद्रे वागळे इस्टेटमधल्या डेंटिंगवाल्या काकांनी बुजवली. त्यांनी पुट्टी भरायला नकार देऊन आतून पत्र्याचे तुकडे बसवले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

३० मार्च

नवे चाक सात आठवड्यांनी आले. बाबांनी तेही टांगून वाजवले, आणि मान डोलावली.

टायर कंपनीच्या मान्यतेचे, म्हणजे बाजूवर एन अक्षर आणि क्रमांक असलेले, पुढे २०५/५५, मागे २३५/५०. गोल बैठकीचे मूळ बोल्ट स्वच्छ करून टॉर्क पान्याने १३० न्यूटन मीटरला आवळले, एक सोडून एक या क्रमाने. मग अलाइनमेंट. सकाळी सहाला पाम बीच रस्त्यावर नेऊन आणली. ७० ची थरथर गेली. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग सरळ राहते. पुढच्या टोकाचा नेमकेपणा १९ इंचीपेक्षा कणभर कमी आहे, पण आता रस्ता हातात येतो, केवळ त्याचे धक्के नाहीत. ८० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासले. एकही हलला नव्हता.

स्पॉयलर गाडी उभी असताना हाताच्या बटणाने दहा वेळा वरखाली केला. सूचना दिवा बंद.

२२ जून

पाऊस सुरू होऊन काही आठवडे झाले. गुरुवारी रात्री गायमुखच्या चढाआधी पाण्याखालच्या खड्ड्यात पुढचे डावे चाक जोरात आपटले. काल टायर उतरवून रिम पाहिली: डायल गेजवर ०.४, जानेवारीत होती तेवढीच. टायरच्या आतल्या भिंतीवर फुगवटा किंवा चीर नाही. डिग्गीचा गालिचा उचलून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवले होते, ते आज सकाळी कोरडे निघाले. मागच्या डाव्या बोल्टची टोपी कोठेतरी पडली आहे, ती मागवायची आहे.